हत्तीनं वाकवलेला पूल

आमच्या मामेसासऱ्यांइतका पुलासाठी झुरलेला माणूस साऱ्या हैदराबादेत सापडणार नाही. आणि तो पूल तर मुळीच सापडणार नाही. एकोणिसाव्या शतकातला तो लोखंडी कैचीचा पूल, म्हणजे पट्ट्यांचे त्रिकोण जोडून केलेला, मूसी नदीच्या पुरात कधीच गेला. मामांच्या आजोबांनी तो लहानपणी पाहिला होता. एका हत्तीनं पाठ खाजवली आणि त्याची एक पट्टी वाकली, असं ते प्रत्येक लग्नाच्या पंगतीत सांगत आणि अख्खी पंगत हसे. बिचारे थापाडे ठरूनच गेले. तो डाग पुसायचा विडा मामांनी निवृत्तीनंतर उचलला.

मला कैची समजावी म्हणून त्यांनी बरकतपुऱ्याच्या घरात शेवग्याच्या शेंगा दोऱ्यानं बांधून ओट्यावर हातभर पूल उभारला आणि वर खलबत्ता ठेवून दाखवला. दुपारी मामींनी तोच पूल आमटीत घातला. "ही खालची तुळई, हा तिरका," असं सांगत मामा एकेक शेंग चोखत होते. पुलाचं लोखंड वाया जात नाही, कुणाच्या तरी घरात असतंच, हा त्यांचा सिद्धांत. म्हणून दिसेल त्या जुन्या लोखंडावर ते खिशातला चमचा वाजवून कान लावत.

आणि खरंच, सुलतान बाजारातल्या एका कापडदुकानाचा माळा त्यांना त्याच पुलाच्या लोखंडाचा वाटला! वर बघायला मिळावं म्हणून मामा रोज एक ब्लाउजपीस घेऊ लागले. "जावईबापू, ह्यांना सांगा की, माझ्याकडं तेवढ्या साड्या नाहीत," मामी कळवळून म्हणाल्या. शेवटी दुकानदारच म्हणाला, "क्या साब, कपडा होना की छत होना?" त्यानं शिडी दिली. मामांचे गुडघे दुखतात, म्हणून मी चढलो. गोल डोक्यांचे रिवेट, रंगाचे थर, आणि कोपऱ्यात एक पट्टी चांगली वाकलेली. मी ओरडून सांगितलं, तर मामा कापडाच्या गठ्ठ्यावर बसून रडायलाच लागले.

घोटाळा त्यानंतर झाला. आनंदाच्या भरात मामा दुकानदाराला म्हणाले, "सौ साल से ज्यादा पुराना है मियाँ, बाढ में गिरेला पुल है!" दुकानदारानं एकदा वर बघितलं, एकदा खालच्या गिऱ्हाइकांकडे. माझ्या मोबाइलमधल्या फोटोत नुसता अंधार आला होता, म्हणून चार दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो, तर माळा कोरा नवा. जुनं लोखंड भंगारात गेलं होतं.

"आपीच बोले ना साब, गिरेला है बोलके! डर लगा."

गेल्या महिन्यात एका लग्नात मामांनी हत्तीची गोष्ट सांगितली. पंगत हसली. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मी त्या पट्टीला हात लावलाय." पंगत आणखी हसली. मामांनी आपला खुबानीचा मिठा, म्हणजे जर्दाळूचं गोड, माझ्या पानात वाढला आणि जरा सरकून मला जागा केली. त्या घराण्यातला तिसरा थापाड्या म्हणून मी तिथं बसलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्या पुलाची फार आठवण आली.