वरचा रे

लग्नानंतर मी बारामती आणि इंदापूरच्या मधल्या एका साखर कारखान्याच्या कॉलनीत राहायला आले. हे तिथले डॉक्टर. मला पेटी बऱ्यापैकी यायची आणि त्याचा तोराही बऱ्यापैकी होता. क्लबात एक पियानो होता, कुण्या गोऱ्या साहेबाच्या लिलावातून आणलेला. तो वाजवणारा माणूस एकच, स्टोअरमधला गोव्याचा कारकून. पूर्वी मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवायचा. दारूबंदी आली, बँड बसले आणि हा इथं येऊन खिळे-बोल्ट देत बसला.

दुपारी क्लब रिकामा असे. तेव्हा तो मला शिकवी.

"बाई, एक सूर सोडून एक घ्या. सा, ग, प, वर कोमल नी. इथं थांबू नका. वरच्या सप्तकातला रे घ्या, मग ध."

मी सगळे एकदम दाबले. नुसता कालवा झाला.

"आता प काढा," तो म्हणाला.

मी भडकलेच. आमचा तंबोरा पंचमावर उभा आणि हा म्हणतो पंचम काढा! तो शांतपणे म्हणाला, "तो सूर कान भरून घेतो, बाई." डाव्या हातात सा आणि कोमल नी, उजव्यात ग, ध आणि वरचा रे. मी वाजवलं आणि माझे डोळे भरून आले. का, ते मला सांगता येत नव्हतं.

पुढं महिनाभर मी तोच सुरांचा मेळ प्रत्येक पट्टीत बसवत होते. बोटं ताणून मनगट ठणकायचं. त्याला ऐकायचं असलं की तो स्वतः चार सूर वाजवी. वरचा रे मात्र कधीच घेत नसे. "तो तुमच्या करंगळीचा," म्हणे. मी उजवीकडं बसून तो लावायची. त्याची उजवी करंगळी आत वळलेली असे. मला वाटे, ही मुंबईची ऐट.

एकदा शिपायानं आणलेला वाफाळता चहा त्याच्या करंगळीवर सांडला. त्यानं पाहिलंही नाही. बोलत राहिला, वाजवत राहिला. दुसऱ्या दिवशी तिथं टरारून फोड आला होता. रात्री जेवताना मी कौतुकानं सांगितलं, "असं तल्लीन व्हावं माणसानं!"

ह्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "कुठली करंगळी?"

ह्यांनी त्याला दवाखान्यात बोलावून करंगळीला सुई टोचून पाहिली; त्याला कळलंही नाही. महारोग. "आता गोळ्या निघाल्यात, इथंच राहून बरा होईल," असं हे कारखान्याच्या साहेबांना सांगून थकले. कॉलनी ऐकेना. चौथ्या दिवशी त्याला ट्रकनं इंदापूरला पाठवलं. ड्रायव्हरनं त्याला शेजारी बसू दिलं नाही, म्हणून तो मागं रिकाम्या पोत्यांवर बसला. आमच्या बंगल्यावरून जाताना त्यानं खिडकीकडं पाहिलं. मी पडदा सोडला.

संध्याकाळी क्लबात गेले तर म्हातारा शिपाई फिनेलनं पट्ट्या पुसत होता.

"बाई, आता हितं हात लावू नगा. त्यो जाताना म्हनला, बाईस्नी सांगा, वरचा रे सोडू नका. मला काय कळलं न्हाय."

मी तिथून घरी आले, दार लावलं आणि शिवणाच्या डब्यातली सुई काढून आपल्या करंगळीला टोचली. दुखलं. त्यानंतर वर्षभर रोज टोचत होते. दर वेळी दुखायचं आणि दर वेळी मला हायसं वाटायचं. माझ्या एका कौतुकानं त्या माणसाचं छप्पर गेलं होतं, आणि मला हायसं वाटायचं.