आरमोरी ते गडचिरोली: कोशाच्या शोधात निघालेल्या दोघी आणि एक ड्रायव्हर

नोकचा मेसेज आला तेव्हा मी सांगलीतल्या माझ्या दुकानात साड्यांच्या घड्या घालत होते. "तुझ्या राज्यात रेशमाचे किडे झाडावर राहतात म्हणे, खरं का? मला बघायचेत."

नोक थायलंडची. ईशान्येकडच्या एका खेड्यात तिचा हातमाग आहे. हैदराबादच्या एका प्रदर्शनात आमचे स्टॉल शेजारी होते आणि चार दिवसांत आम्ही मोडक्यातोडक्या इंग्रजीत एकमेकींच्या सासूपर्यंत पोचलो होतो. तिच्याकडे रेशमाचे किडे घरात, बांबूच्या गोल परड्यांत वाढतात. आपल्याकडे चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात ते ऐनाच्या झाडांवर उघड्यावर वाढतात, हे तिला पटत नव्हतं. मी म्हटलं, ये. डिसेंबरात ये, धान कापून झालेलं असतं, हवा छान असते आणि कोसे, म्हणजे त्या किड्यांचे कोशही, उतरवायला आलेले असतात.

नागपूरहून नागभीडची एसटी धरली. जाणाऱ्यांसाठी सांगते, उमरेड-भिवापूरमार्गे अडीच-तीन तास लागतात, बायकांना अर्धं तिकीट आणि उजव्या बाजूच्या खिडकीत सकाळचं ऊन लागत नाही. मी नोकसाठी तीच खिडकी धरली होती. ती मात्र सरळ पुढे गेली आणि ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसली. गाडी सुटायच्या आधी तिने त्याला हात जोडले. तोही गोंधळून नमस्कार करता झाला. समोरच्या काचेवर देवाचा फोटो, झेंडूचा हार, खाली लिंबू-मिरची. ती हसली. "आमच्याकडे पण हार. आरशाला बांधतो. आणि तावीज, खूप तावीज." मग म्हणाली, "सीटचा पट्टा कुणालाच नाही. ना तुमच्याकडे, ना आमच्याकडे. हार दोघांकडे."

पुढचे दोन दिवस अगदी सुखाचे गेले. नागभीडजवळच्या एका गावात कोशाचं कापड विणणाऱ्यांच्या घरी उतरलो होतो. नोक मागावर बसली ती उठेचना. घरातल्या सुनेची आणि तिची भाषा एक नव्हती, पण तुटलेला धागा जोडताना दोघी सारख्याच जीभ बाहेर काढायच्या. जेवायला भात, तळ्यातले मासे आणि लाखोळीच्या डाळीचे वडे. मासे बघून तिचा चेहरा असा उजळला की घरच्या बाई म्हणाल्या, "इची माय इकडचीच असन बापा!"

तिसऱ्या दिवशी ब्रह्मपुरीवरून वैनगंगा ओलांडून आरमोरीला आलो आणि पलीकडच्या रानात तिने शेवटी झाडावरचे किडे पाहिले. हिरवेगार, बोटाएवढे जाड. राखण करणारा माणूस गोफणीने पाखरं उडवत होता. "दिवसभर हेच?" नोकने माझ्याकरवी विचारलं. "काय करता मंग," तो म्हणाला, "पाखरायले बी भूक लागते अन् मले बी."

गडचिरोलीला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी मार्कंड्याचं देऊळ बघायचं असं ठरलं होतं. आरमोरीच्या स्टँडवर एसटी आमच्या डोळ्यांदेखत निघून गेली. कोपऱ्यावर एक खासगी मिनीबस उभी होती. निम्मी भरलेली, आतल्या छताला अजून लग्नाच्या फुलांच्या माळा लोंबत होत्या. चढलो. नोक पुन्हा ड्रायव्हरच्या मागे. मी तिच्या शेजारी. पलीकडच्या बाकावर पार्बताबाई नावाच्या एक साठीच्या बाई आणि त्यांचा मुलगा विलास. पार्बताबाईंनी बसल्याबरोबर आमची चौकशी केली. "थे बाई कुठची हाय? नेपाळची काय?" थायलंड म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली. "दूर हाय म्हणा. लेकरं कोणाजवळ ठेवली?"

गाडी निघाली. दुपारचं ऊन, दोन्ही बाजूंना मोकळी बांध्यांची शेतं, कापून रचलेल्या धानाचे घराएवढे ढीग. इकडे त्याला पुंजणं म्हणतात. मी पार्बताबाईंशी बोलत होते. नोक आरशात बघत होती, ड्रायव्हरच्या चेहऱ्याकडे. अचानक ती उभी राहिली आणि तिने त्याच्या खांद्यावर जोरात थाप मारली. आणि त्याच क्षणी गाडी डावीकडे उतरली.

आवाज आठवतो तो भांड्यांचा. कुणीतरी आहेराची भांडी नेत होतं, ती सगळी पुढे आली. धडधड धडधड करत आम्ही दोन बांध ओलांडले आणि एका पुंजण्यात घुसून थांबलो. समोरच्या काचेत नुसतं सोनेरी धान. ते पुंजणं नसतं तर पुढे विहीर होती, हे नंतर कळलं.

कुणी गेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण याचा कच्चा खर्डा वाचताना माझ्या बहिणीने इथेच थांबून फोन केला होता. माझ्या कपाळाला टेंगूळ, नोकचा ओठ फुटलेला, एकदोघांना मुका मार. पार्बताबाईंचा हात मात्र कोपराखाली नको त्या ठिकाणी वाकला होता.

खाली उतरलो तर ड्रायव्हर शेतातून झाडीकडे निघाला होता. चाळिशीचा, बारीक चणीचा, देवराव नाव. पळत नव्हता, अडखळत चालला होता. नोक त्याच्यामागे धावली. तिने त्याची बाही धरली, मान हलवली, आणि त्याला बांधावर खाली बसवलं. स्वतःही बसली. तोवर विलास तिथे पोचला होता. हातात बैलगाडीचं तुटकं लाकूड.

"माह्या मायचा हात मोडला बे! दिसून नाई राह्यलं का तुले? मारून टाकतो याले आज!"

आणखी दोघंतिघं धावले. नोक उठून मध्ये उभी राहिली. ती माझ्याही खांद्याला लागते, एवढीशी. तिला हिंदीतला एकच शब्द येत होता, तो ती म्हणत राहिली, "नहीं. नहीं. नहीं." मी धावले, पण खरं सांगते, मलाही देवरावला दोन द्याव्याशा वाटत होत्या. विलासने लाकूड उचललेलंच होतं. तेवढ्यात मागून पार्बताबाईंचा आवाज आला.

"विलास! आधी मले दवाखान्यात ने, मंग मारजो त्याले किती मारतं तं!"

कुणीतरी हसलं. मग विलासचंच तोंड वेडंवाकडं झालं आणि तो लाकूड टाकून आईकडे वळून रडायला लागला.

धान नेणारा एक ट्रॅक्टर थांबला. त्यात पोत्यांवर पार्बताबाईंना बसवलं, विलासने त्यांना मागून धरलं. देवरावही चढला. नोकने त्याचं मनगट सोडलंच नव्हतं. वाटेत तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "डोळा लागला बाई माहा. काल सांजपासून गाडीवर हावो. वऱ्हाड नेलं, वऱ्हाड आणलं, मालक म्हणे एक फेरी गडचिरोली मार, मंग झोप." मी नोकला सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं. आरशात बघत होते ना मी."

गडचिरोलीच्या दवाखान्यात पार्बताबाईंना आत नेलं. आम्ही बाहेर बाकावर. तिथे नोकने मला तिच्या नवऱ्याबद्दल सांगितलं. चाय त्याचं नाव. तोही ड्रायव्हर, लांब पल्ल्याच्या बसचा. सणाच्या गर्दीत कंपनीने झोपू न देता परतीची गाडी त्याच्याच हातात दिली. पहाटे बस कालव्यात गेली. त्यांच्याच गावची एक मुलगी त्यात गेली. कंपनीच्या माणसाने चायला सांगितलं, टायर फुटला म्हण. तो म्हणाला. सुटला.

"लोक म्हणाले, कर्म," नोक म्हणाली. "तुमचाच शब्द. आम्ही अर्धाच उच्चारतो, कम्. पण कर्म कुठे झोपलं होतं? चाय झोपला होता. कंपनीने पुढच्या सणाला दुसऱ्या कुणाला तरी तसंच बसवलं." आता चाय घरातच तिचा धागा गुंडाळतो. देवळात जात नाही, कारण तिथे त्या मुलीची आई येते.

मालकाचा माणूस मोटरसायकलवरून आला, हेल्मेट हँडलला अडकवलेलं. आधी त्याने पार्बताबाईंच्या औषधांची चौकशी केली, मग देवरावला बाजूला घेतलं. मग आमच्याकडे आला. "मॅडम, पोलीस येऊन राह्यले बयान घ्यायले. बकरी आडवी आली म्हणजा तुमी बी. गरीब माणूस हाय तो, लायसन जाईन त्याचं. लेकरंबाळं हायत."

आजूबाजूचे प्रवासी, मघाशी त्याला मारायला निघालेले, तेच आता माना डोलावत होते. "हो, हो, बकरीच. जाऊ द्या ना. वाचलो ना आपण. नशीब होतं." मला त्या माणसांचा राग आला नाही. त्यांच्या बोलण्यात खरोखरची दया होती. मीही मनात बकरीचा रंग ठरवला होता, काळी.

"काय म्हणतात?" नोकने विचारलं. मी सांगितलं. ती उठून देवरावच्या समोर उकिडवी बसली आणि मला म्हणाली, "मी सांगते ते जसंच्या तसं सांग. बकरी म्हटलं तर हे लोक तुला सोडतील. बकरी नाही सोडणार."

मी सांगितलं. देवराव तिच्या फुटलेल्या ओठाकडे बघत राहिला.

हवालदार आले तेव्हा तो उभा राहिला. "बकरी नव्हती साहेब. माहा डोळा लागला. कालपासून झोपलो नाई."

मालकाचा माणूस ओरडला, "अबे काऊन स्वतःचा घात करून राह्यला?"

त्याच वेळी प्लास्टर घातलेला हात गळ्यात बांधून पार्बताबाई बाहेर येत होत्या. त्या थांबल्या. देवरावकडे पाहिलं, मग मोटरसायकलवाल्याकडे. "झोपू नाई देत का रे तुमी याले? ढोराले बी दुपारच्याले सोडते माणूस जुवावरून." आणि हवालदारांना म्हणाल्या, "लिवा साहेब. हे बी लिवा." विलासने मान खाली घातली, पण मालकाचं नाव हवालदारांना त्यानेच सांगितलं.

मार्कंडा राहिलाच. दुसऱ्या दिवशी मूल गावावरून एसटीने चंद्रपूरला आलो. रस्ता जंगलातून जातो, मधे वाघाच्या पाट्या आहेत, जरूर दिवसाच जा. नोक पुन्हा ड्रायव्हरच्या मागेच बसली आणि या वेळी मीही खिडकी सोडून तिच्या शेजारी. चंद्रपूरच्या स्टँडबाहेर चहा घेताना तिने चायला फोन लावला. बराच वेळ बोलली. मला एकही शब्द कळला नाही. फोन ठेवल्यावर म्हणाली, "चाय म्हणाला, तो माणूस जेवला का विचार."

मी विलासला फोन करून विचारलं. जेवला होता. पार्बताबाईंच्याच घरी.

ही पोस्ट लिहायला मला तीन महिने लागले. नोकने कोशाच्या धाग्याची पहिली ओढणी विणून पाठवली, ती दुकानात लावली आहे, विकायची नाही. तिकडे जायचं का, रस्ते सुरक्षित आहेत का, असं तुमच्यापैकी अनेकांनी विचारलंय. जा. किडे बघा, मासे खा, मार्कंडाही बघा, माझ्या वाटचा. फक्त गाडीत बसण्याआधी ड्रायव्हरच्या डोळ्यांकडे बघा. लाल दिसले तर पुढची गाडी घ्या, आणि त्याच्या मालकाला तसं सांगून मग घ्या.

पण एक गोष्ट मला सलत होती. नोक परतीच्या विमानात बसली, मी सांगलीला आले, आणि देवराव तिथेच राहिला. त्याचं लायसन्स गेलं. केस चालू आहे, मालकावरही आहे. मालकाने लग्नाच्या गाड्यांवर जोडीला दुसरा ड्रायव्हर ठेवलाय, सध्या तरी. देवराव आता एका राइस मिलवर पोती उचलतो. खरं बोलायला त्याला आम्ही लावलं होतं, किंमत त्याने मोजली. म्हणून गेल्या आठवड्यात धीर करून त्याला फोन केला आणि सरळच विचारलं, "देवरावभाऊ, आमचा राग येतो का?"

मिलचा घरघराट ऐकू येत होता. तो थोडा बाजूला गेला असावा.

"येते ना बाई. पोतं उचलतो तवा येते, लय येते." मग म्हणाला, "पण मिल पार्बताबाईच्या गावात हाय. सांजच्याले त्यायच्या दारावरूनच जाणं पडते मले. थे म्हातारी चहा पाजल्याबिगर पुढं जाऊ देत नाई. अजून एका हातानंच करते. बकरी म्हटलं असतं तं त्या दारावरून मले जाताच नसतं आलं."