अँटीबॉडी मोजायला आलेली माणसं

सुई टोचताना माणूस स्वतःच्या हाताकडे बघत नाही. छताकडे बघतो आणि बोलत सुटतो. मी रक्त काढणारा टेक्निशियन, त्यामुळे किस्से माझ्याकडे न मागता जमा होतात. त्यातले बरेचसे करोनानंतरचे. आमच्या नागपूरच्या मेडिकल कॉलेजात तेव्हा एक अभ्यास चालायचा. लस घेतलेल्यांच्या आणि आजारातून उठलेल्यांच्या रक्तात किती अँटीबॉडी आहेत, नवा व्हेरियंट आला तर त्या कामी येतात का, हे बघायचं. तीच ती माणसं दर काही महिन्यांनी यायची.

देशकरकाका बँकेतून रिटायर झालेले. डोस वेळेवर, मास्क नाकाच्या वर. काकूंना मात्र लशीआधीच करोना होऊन गेला होता, मग त्यांनीही डोस घेतले. रिपोर्टात काकूंचा आकडा कितीतरी वर.

"घ्या! अभ्यास मी केला आणि मार्क हिला," काका म्हणाले.

काकू हसल्या नाहीत. "तुम्ही दारातून ताट सरकवून निघून जायचात. मी आतून तुमची पावलं ऐकायची. त्याचे मार्क आहेत ते."

काकांनी नंतर आकडा कधी विचारला नाही. काकूंचं रक्त काढताना मात्र खुर्ची ओढून शेजारी बसू लागले.

गुलाबराव कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचे अडते. एकदा करोनातून उठले आणि सांगत फिरले, "माह्या अंगात आता फौज आहे. मले काही होत नाही." नवा व्हेरियंट आला तसे पुन्हा पडले, आणि त्यांच्यासोबत धंदा सांभाळणारी बहीणही पडली.

आमच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "तुमच्या अँटीबॉडी जुन्या विषाणूला ओळखतात. याने रूप बदललंय."

"म्हंजे माल तोच, पेटी दुसरी," गुलाबराव म्हणाले. मग बाही खाली करत, "बहीण बरी झाली, पण वास गेला तिचा. पेटी उघडली का संत्रं नाकाशी धरते अन् गुपचूप खाली ठेवते. मी दुसरीकडे पाहतो."

राजू बुटीबोरीच्या कापड मिलमध्ये फिटर. तो कधी आजारीच पडला नव्हता. तरी लस घेण्याआधी अभ्यासासाठी काढलेल्या त्याच्या रक्तात अँटीबॉडी निघाल्या. म्हणजे करोना नकळत होऊन गेलेला.

"नशीबवान आहेस," मी म्हटलं.

तो मॅडमकडे वळला. "मी कळमेश्वरले बाबाले भेटाले गेलो होतो. करोना मले त्या भेटीआधी झाला का नंतर?"

त्या भेटीनंतर थोड्याच दिवसांनी त्याचे वडील करोनाने गेले होते.

"रक्तात तारीख नसते रे," मॅडम म्हणाल्या.

पुढच्या वेळी त्याने पुन्हा तेच विचारलं. त्यानंतर आलाच नाही. मी फोन केला, तर म्हणाला, "सांगता येत नाही तं काहून काढता गा रक्त?"

आणि वनमालामावशी. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. नवऱ्याला करोना झाला तेव्हा त्याच्या खाटेजवळून हलल्या नाहीत, त्यांनाही झाला. ते गेले, या राहिल्या. लस मात्र घेत नव्हत्या. एकदा मॅडम चिडल्याच. "मावशी, तुमच्या अँटीबॉडी उतरताहेत. कशाची वाट बघताय?"

"लस घेतली तं सारं मिसळून जाईन ना," मावशी म्हणाल्या. "त्यांच्यापासून आलेलं कोणतं अन् लशीचं कोणतं, मले कसं समजंन?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग सावकाश समजावलं, की इथं मिळते त्या लशीने एकाच तऱ्हेच्या अँटीबॉडी होतात. आजारातून आणखी एक तऱ्हा येते, ती वेगळी तपासता येते.

"म्हंजे त्यांचं वेगळं राहते?"

"वेगळं राहतं."

मावशींनी त्याच दिवशी लस घेतली.

दोन खेपांनंतर, मी त्यांचं रक्त काढल्यावर मॅडम मागच्या खेपेचा रिपोर्ट उघडून म्हणाल्या, "मावशी, लशीचा आकडा छान वर गेलाय."

"तो राहू द्या. त्यांचा सांगा."

मॅडमनी स्क्रीन जरा आपल्याकडे वळवली.

"आहे," त्या म्हणाल्या.

मी टेबलाच्या कडेला उभा होतो. मला स्क्रीनवरचा दुसरा आकडा दिसत होता, जवळजवळ शून्य. मी मावशींच्या हातावरचा कापसाचा बोळा आणखी थोडा वेळ दाबून धरला.