उचललेलं मधे टेकवायचं नाही

माझ्या आत्याच्या यजमानांना सगळे ‘क्रेन’ म्हणायचे. लोकांचं घरसामान हलवून देणं हा त्यांचा धंदा. पाठीवर पट्ट्याने कपाट बांधून काका जिना चढायचे आणि वर पोचल्यावर मागून रिकाम्या हाताने येणाऱ्या मालकालाच विचारायचे, “दमलात का?” आत्याही त्याच टेम्पोत. काचेची भांडी कागदात गुंडाळायची आणि अवजड नगाचं दुसरं टोक धरायची. दोघांचं शास्त्र एकच: उचललेलं मधे टेकवायचं नाही. टेकवलं की पुन्हा उचलताना कंबर जाते, आणि मालक बघत असला तर इज्जतही.

मग काकांना झटका आला. डावी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली, वजन मात्र होतं तेवढंच राहिलं.

“आणि स्वभावही,” आत्या म्हणायची.

काकांना दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशीच त्यांच्या मुलाने, म्हणजे दादाने, फोनवर अट घातली. दादा दुसऱ्या शहरात राहतो आणि ‘प्रॅक्टिकली’शिवाय त्याचं वाक्य सुरू होत नाही. “प्रॅक्टिकली बघ आई, ते एकदा जरी पडले ना, तर मी त्यांना शुश्रूषा केंद्रात ठेवणार. प्रॅक्टिकली, तू काय आता तरुण आहेस?”

काका पलंगावरून सगळं ऐकत होते. फोन बंद झाल्यावर त्यांनी उजव्या हाताने आत्याचं मनगट पकडलं. “नको पाथवू,” म्हणाले. त्यांच्या तोंडून ठ निघतच नव्हता.

“कोण पाठवतंय? तुम्हाला न्यायचं तर अख्खा टेम्पो करावा लागेल,” आत्या म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडून उभी राहिली. भांडं एकही घासायचं नव्हतं.

व्यायाम शिकवायला ज्या बाई यायच्या त्या सगळं ‘आपण’मध्ये बोलायच्या. “आपण आता बसणार आहोत हं. आपण पाय जमिनीवर ठेवणार. आपण पुढे वाकणार.”

“मग तू पन ये ना पलंगावल,” काका अर्ध्या ओठाने हसले.

“आपण चावटपणा नाही करणार हं,” बाई म्हणाल्या आणि न थांबता पुढे शिकवत राहिल्या. खुर्ची चांगल्या बाजूला लावायची, चाकांना ब्रेक घालायचा. पेशंटच्या कमरेला पट्टा बांधून त्यालाच धरायचं. लुळा हात ओढायचा नाही, खांदा निखळतो. आपल्या गुडघ्यांनी त्याचा लुळा गुडघा अडवायचा. मग त्याचं डोकं पुढे आलं की बूड आपोआप उचललं जातं. “आणि गुडघा दगा देतोय असं वाटलं, तर आपण लगेच पलंगावर परत बसवणार. ओढत नेणार नाही. परत बसवलं म्हणजे आपण हरलो, असं नाही हं.”

आत्याने मान डोलावली आणि कपाटाचा जुना पट्टा काकांच्या कमरेला बांधला. त्या दिवसापासून रोज सकाळी पलंगावरून खुर्चीत, दुपारी खुर्चीतून पलंगावर.

“यापेक्षा कपाट बरं. निदान सल्ले देत नाही,” आत्या धापा टाकत म्हणायची.

“कपाताला बायको नथते.”

एका सकाळी आत्याने त्यांना उभं केलं आणि वळवायला घेतलं. तेवढ्यात काकांचा गुडघा थरथरला. पलंग अगदी मागे टेकलेला होता. नुसतं सोडलं असतं तरी ते अलगद बसले असते. आत्याला तेही कळलं असणार. पण खुर्ची समोर होती आणि वजन हातात होतं, आणि आयुष्यभराची सवय तिच्या तोंडून ओरडली, “मधे नाही! मधे नाही टेकवायचं!” तिने जोर लावून पुढे ओढलं. पट्टा छातीपर्यंत वर सरकला, हातातून सुटला आणि तिने जे सापडलं ते धरलं. सापडला तो डावा हात.

आम्ही खालच्या मजल्यावर राहतो. आवाज छतातून आला. वर गेलो तर दोघं जमिनीवर. काका कण्हत होते आणि आत्या पडल्या पडल्या एकच घोकत होती, “दादाला सांगायचं नाही. कुणी सांगायचं नाही.” पण तिला स्वतःलाच उठता येईना. मग काय लपणार होतं?

दादा आला तेव्हा एकदाही ‘प्रॅक्टिकली’ म्हणाला नाही. भीती वाटली ती त्यानेच.

“पट्टा सैल बांधला मी, बाकी काही नाही,” आत्या भिंतीला धरून सांगत होती. “कंबर होईल बरी. तोवर एखादा माणूस ठेवू. दादा, ऐक ना रे. मी शब्द दिलाय त्यांना.”

काका तिच्याकडे बघत होते. भिंत सोडून ती एक पाऊल टाकायला गेली आणि कळ येऊन तिथेच वाकली.

“ने मला,” काका दादाला म्हणाले.

दोनच शब्द, आणि त्यात अवघड असं एकही अक्षर नव्हतं.

“तुम्ही गप्प बसा! तुम्हाला कुणी विचारलंय?” आत्या किंचाळली. “दादा, त्यांना काही कळत नाही. जीभ फिरत नाही त्यांची.”

“ने,” काका पुन्हा म्हणाले आणि त्यांनी तोंड फिरवलं.

केंद्रातली खोली स्वच्छ होती, सहा पलंगांची. तिथल्या आयाने येताक्षणी काकांच्या दोन्ही काखांत हात घातले. “चला बाबा, हुप्प!” काकांच्या घशातून विचित्र आवाज निघाला.

“डाव्या हाताला नको! खांदा गेलाय त्यांचा!” आत्या ओरडली.

“मावशी, आम्ही दिवसभर हेच करतो.”

“ह्यांना असं चालत नाही. पट्टा बांध. कमरेला. हां. आता तुझा गुडघा त्यांच्या गुडघ्याला लाव. डोकं पुढे येऊ दे. थांब, ओढू नकोस.” वाकता येत नव्हतं म्हणून आत्या पलंगाच्या दांडीला धरून नुसती बोलत होती. आया कुरकुरत ऐकत गेली आणि काका नीट खुर्चीत बसले.

“जमलं बघ तुला,” आत्या तिला म्हणाली. आवाज अगदी लोण्यासारखा. “रोज असंच कर हं बाळा. उद्या सकाळीही असंच.”

“उद्या माझी ड्युटी दुसऱ्या मजल्यावर,” आया हातमोजे काढत म्हणाली. “इथे दुसरी कुणी येईल.”

“कोण?”

“ते काय मला ठाऊक, मावशी? भेटायची वेळ संपली. चला.”