तारेवाले काका आणि आमचं मॅन्युअल

तारेवाले काका किराण्याच्या यादीवरसुद्धा आधी चांदणी काढत, मग शीर्षक लिहीत आणि प्रत्येक जिनसेपुढे आडवी रेघ ओढत. मूळचे उज्जैनचे, पण हयात गेली भोपाळला, आमच्या सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये. संगणक विभागात ते माझे वरिष्ठ होते. त्यांचं आडनाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं.

लिहिलेलं प्रत्येक पान ते घरी काकूंना वाचून दाखवत. काकू पोळ्या लाटता लाटता जिथे "म्हणजे काय?" म्हणत, तिथे काका पुन्हा लिहीत.

मशीनदुरुस्तीच्या नोंदींचं सॉफ्टवेअर आम्ही तयार केलं, तेव्हा त्याचं मॅन्युअल कोणत्या पद्धतीने लिहायचं यावरून आमची जुंपली. मी नवी इंजिनियर, अकलेचा कांदा. मला कोनी कंसांतल्या खुणा हव्या होत्या: प्रत्येक शीर्षकाला, परिच्छेदाला एक उघडणारी, एक बंद करणारी. त्यातून अनुक्रमणिकेसकट छापील पुस्तक आपोआप निघे. काकांना साधी मजकुराची फाइल पुरे होती. चांदणी म्हणजे शीर्षक, रेघ म्हणजे यादी, संपलं. मोठे साहेब माझ्या बाजूचे होते. काकांच्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं, आणि आपल्या माघारी मॅन्युअल शॉपमधल्या, म्हणजे यंत्रशाळेतल्या, लोकांच्या हातून सुटू नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

वाद न घालता त्यांनी मला शॉपमध्ये नेलं. तिथल्या संगणकावर दोन्ही पद्धतींत एकच पान लिहून ठेवलं होतं. फोरमन रामसेवकजींना त्यांनी दोन्हींत एकेक ओळ दुरुस्त करायला सांगितली. माझ्या पानात त्यांच्या हातून बंद करणारी एक खूण पुसली गेली आणि खालचा सगळा मजकूर शीर्षकाच्या ठळक अक्षरांत आला. रामसेवकजी ओशाळले. "हमसे बिगड़ गया, मैडम. अब हाथ नहीं लगाएँगे." काकांच्या पानात मात्र त्यांनी ओळ सुधारलीच, वर स्वतःची एक सूचनाही जोडली.

परतताना काका म्हणाले, "बेटा, गलती त्यांची नाही. ज्या कागदाची माणसाला भीती वाटते त्याला कोणी हात लावत नाही, आणि मग तो हळूहळू खोटा पडतो."

मला आधी राग आला, मग लाज वाटली. साहेबांकडे जाऊन माझा प्रस्ताव मीच मागे घेतला.

त्यानंतर शॉपमधले लोक मॅन्युअल स्वतः लिहू लागले. दुसऱ्या कारखान्यांतली माणसं ते बघायला येत. मी तारेवाल्या काकांच्या हाताखाली शिकले, हे मी अजूनही मान ताठ करून सांगते.

निवृत्तीनंतर काका नेहरू नगरात राहायला गेले. मॅन्युअलच्या पहिल्या पानावर, अडचण आल्यास कुणाला विचारायचं तिथे, त्यांचं नाव आणि घरचा फोन होता. लोक खरंच फोन करत आणि काका खुशीत उत्तरं देत.

काका वारले, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी शॉपमध्ये जाऊन ती फाइल उघडली. एका ओळीचं काम होतं, पण पहिल्या पानावरच्या काकांच्या नावाशीच मी थांबले. शेजारी उभे असलेले रामसेवकजी हळूच म्हणाले, "आज रहने दीजिए, मैडम."

पण दुपारच्या पाळीत कुणी अडला असता, तर त्याने फोन कुणाला केला असता? मी ती ओळ पुसली आणि तिथे माझं नाव आणि घरचा फोन लिहिला.