भिंतीवरच्या टाचा

शिरांच्या डॉक्टरांकडे भिंतभर एक फोटो लावला आहे. डावा पाय हिरव्याजांभळ्या गाठींचा, उजवा मेणासारखा गुळगुळीत. पायांच्या वर माणूसच नाही. मला गाठींपेक्षा त्या गुळगुळीतपणाची शिसारी आली.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काकू, लेसर करून टाका. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक शिरा आहेत ना, त्या इंजेक्शनने जातील. पाय तुमचे वाटणारच नाहीत!"

पाय माझे नाहीतच, आईचे आहेत. तिने सगळी नोकरी वर्गात उभ्याने शिकवलं. मुलांसमोर खुर्चीत बसणं तिला आळशीपणाचं वाटे. दुपारी घरी आली की ती जमिनीवर पडून पाय भिंतीला लावी. खोबरेल चोळलेल्या तिच्या टाचांचे दोन तेलकट डाग तिथे अजून आहेत. ती गेल्यावर भाऊ म्हणाला, "ताई, किती घाण दिसतंय ते. रंग मारून घेऊ." आणि त्याने रंगारी ठरवूनही टाकला.

डॉक्टरांनी तूर्त घट्ट मोजे दिले आणि रोज पाय उंच ठेवायला सांगितलं. घरी येऊन मी त्याच भिंतीशी आडवी झाले. माझ्या टाचा डागांच्या वीतभर खाली टेकल्या. आई माझ्याहून उंच होती. रंगाऱ्याला नको म्हणून कळवायचं, एवढं ठरवून मी तशीच पडून राहिले.