एका डब्यातले तीन कम्प्युटर

मला कम्प्युटरमधलं सगळं कळतं. हे मी नाही, माझी बायको म्हणते. फक्त म्हणताना ती हात जोडते.

माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे नानांचा, धुळ्यात छापखाना आहे. तिथे तीन कम्प्युटर होते. पत्रिकांची जुनी वळणदार अक्षरं फक्त एका म्हाताऱ्या विंडोजवर उमटत. छपाईच्या मशीनला नवी विंडोज लागे. तिसऱ्यावर लिनक्स, नमुने साठवायला. मी जळगावहून एक दणकट सर्व्हर नेला, तिन्ही सिस्टिम त्यात बसवल्या आणि जुने डबे भंगारात दिले!

नानांनी सर्व्हर सगळीकडून न्याहाळला.

"बठ्ठं एकच डबामा शे?"

"बठ्ठं! सगळं यातच. आत तीन वेगळे कम्प्युटर समजा. एक झोपला तरी दुसऱ्याला पत्ता लागत नाही."

मग आली खंडेनवमी. छापखान्यात त्या दिवशी यंत्राची पूजा होते, आणि पूजेला बसलेलं यंत्र दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत सुरू करायचं नाही, असा नानांचा दंडक. ऐन हंगामात काम अडू नये म्हणून ते दरवर्षी तिघांतल्या एकाच कम्प्युटरला हळदकुंकू वाहत आणि उरलेले दोघे राबत. यंदा त्यांनी मला विचारलं, पूजा कोणाची करायची? मी म्हणालो, नाना, डब्याची करा, तिघांनाही पोचते. (हे वाक्य मी फार ऐटीत टाकलं.)

नानांनी सर्व्हर बंद केला, हार घातला, नारळ फोडला. आणि मेहुणीने विचारलं, "भाऊजी, माझी पत्रिका?"

तिच्या लग्नाची पहिली पत्रिका दसऱ्याला सकाळीच कुलदेवीच्या पायाशी ठेवायची होती. ती मी नव्या सर्व्हरवरच छापणार, म्हणून हट्टाने मागे ठेवली होती. मी नानांना समजावलं की पूजा लिनक्सला पोचली असं धरू, म्हातारी आणि नवी विंडोज चालू करू. नाना शांतपणे म्हणाले, "मंग त्या दोघांना डब्यातून बाहेर काढा ना, जवाईबापू."

आता काय काढू, कपाळ? मेहुणीचे डोळे भरले. सासूबाई, म्हणजे अक्का, माझ्याकडे असं बघत होत्या की मलाच हार घालून दिवसभर बसवावं!

शेवटी मी रस्ता ओलांडून समोरच्या छापखान्यात गेलो. तिथले भाऊ म्हणजे नानांचे जुने वैरी. त्यांचा एक कम्प्युटर हार घालून बसला होता, बाकीचे जोरात चालू होते. भाऊंनी अत्यंत प्रेमाने पत्रिका छापून दिली. खाली रिवाजाप्रमाणे मुद्रक म्हणून स्वतःचं नावही टाकलं, नवरदेवाच्या नावापेक्षा जरा मोठ्या टाइपात.

देवीला पत्रिका वेळेत पोचली. मेहुणी हसली. नानांनी पत्रिका शेवटच्या ओळीपर्यंत वाचली आणि चष्मा काढून ठेवला. तेव्हापासून ते माझ्याशी फक्त पाऊसपाण्याचं बोलतात.

बोलू देत. मी आजही छातीठोकपणे सांगतो, त्या अख्ख्या दिवसात माझा सर्व्हर एकदाही हँग झाला नाही!